पळते कशी नव्हे, थांबते कशी

शाळेतल्या धावण्याच्या स्पर्धेत ज्याचा नंबर नेहमी शेवटून दुसरा असायचा, त्याने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शर्यतीच्या ट्रॅकवर मोटार पळवली, असे कोणी सांगितले असते तर मी स्वतःच हसलो असतो. पण फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रविवारी हे घडले खरे. ठिकाण होते उत्तर प्रदेशातल्या ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट. गाडी माझीच होती, घरची. जिच्यातून आम्ही भाजी आणतो आणि लग्नकार्याला जातो, तीच.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर गावाकडच्या मंडळींचा समज होईल की हा शर्यतीत उतरला. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसते. फी भरायची, डोक्याला हेल्मेट घालायचे आणि जिथे समोरून ट्रक, बाजूने मोटारसायकल आणि मधूनच म्हैस येणार नाही अशा रस्त्यावर आपली गाडी तिच्या ताकदीनिशी चालवून पाहायची. पाश्चात्य देशांत हा प्रकार बराच जुना आहे. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरला असे ट्रॅक आहेत, आणि उत्तरेत हे बुद्ध सर्किट.

मी त्या वाटेला का गेलो, ते सांगायला थोडी लाज वाटते. नोकरीनिमित्त नोएडात राहून मला बारा वर्षे झाली होती. २०२१ साली मी एक वापरलेली गाडी घेतली. जर्मन बनावटीची, चार दारांची, दिसायला साधी सेदान. पण इंजिन दांडगे आणि चारही चाकांना ताकद देणारी. नाव देत नाही, उगाच जाहिरात नको. कर्ज काढून घेतली होती आणि अजून तीन वर्षांचे हप्ते शिल्लक होते. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा यमुना एक्सप्रेसवे आमच्या घरापासून जवळ. १६५ किलोमीटरचा, २०१२ साली खुला झालेला, बाणासारखा सरळ रस्ता. मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, पण पहाटे रस्ता मोकळा असला की माझा उजवा पाय ऐकेना. एकदा मुलगी शेजारी बसली होती. तिने काट्याकडे पाहिले, तो दीडशेच्या पुढे होता. ती काही बोलली नाही. घरी येऊन आईला मात्र तिने सारे सांगितले.

बायकोने भांडण केले असते तर बरे झाले असते. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "अहो, तुमचा विमा किती रकमेचा आहे ते एकदा मला दाखवून ठेवा."

२०२२ या एका वर्षात आपल्या देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. सरकारचाच हा आकडा आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू वाहनांच्या अतिवेगाच्या खाती आहेत. आकडा वाचताना आपण नेहमी दुसऱ्याच कोणाचा तरी विचार करतो. मीही तेच करीत होतो.

तोडगा काढला मुलीने. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणाली, "पप्पा, वेगाची हौस आहे ना? मग जिथे हौस करायची जागा आहे तिथे करा. एक्सप्रेसवेवर मात्र शंभरच्या वर जायचे नाही, लिहून द्या." आणि तिने खरोखर वहीच्या पानावर लिहून घेतले.

तिच्याकडूनच मला चारही चाकांच्या गाड्यांचा इतिहास कळला. असल्या मोटारींचा खरा बोलबाला झाला तो १९८० नंतर. त्या वर्षी जर्मनीच्या ऑडी कंपनीने 'क्वात्रो' नावाची गाडी बाजारात आणली. त्याआधी चारही चाके ओढणारी गाडी म्हटले की लोकांना जीप आठवायची, चिखलात आणि डोंगरात चालणारी. क्वात्रोने दाखवून दिले की हीच युक्ती वेगासाठीही वापरता येते. १९८१ मध्ये इटलीतल्या सान रेमो रॅलीत ही गाडी चालवून मिशेल मुताँ या फ्रेंच बाईने सगळ्या पुरुषांना मागे टाकले. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन फेऱ्या जिंकल्या आणि वर्षअखेर ती जगात दुसरी आली. पुढे जपानच्या सुबारू आणि मित्सुबिशी कंपन्यांनी हीच विद्या चार दारांच्या घरगुती सेदानमध्ये आणली. सुबारू इम्प्रेझा चालवून स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये जगज्जेता झाला, आणि मित्सुबिशी लान्सरवर फिनलंडचा टॉमी माकिनेन १९९६ पासून सलग चार वर्षे. आमची गाडी त्याच गोत्रातली, फक्त शहरी पोशाखातली.

युक्ती समजायला सोपी आहे. धान्याचे जड पोते दोघांनी उचलले तर एकाचा पाय घसरला की पोते खाली. चौघांनी उचलले तर एकाचा घसरला तरी तिघे सावरतात. साध्या गाडीत पुढची किंवा मागची दोनच चाके ओझे ओढतात. आमच्या गाडीत एरवी बहुतेक ताकद मागच्या चाकांना जाते. ती घसरू लागली की मधला क्लच क्षणार्धात काही ताकद पुढे पाठवतो. म्हणूनच ओल्या रस्त्यावरही ती अशी सुसाट निघते, की चालवणाऱ्याला वाटू लागते आपण काहीही केले तरी ही आपल्याला सांभाळून घेईल. हे वाटणे किती धोक्याचे, ते पुढे येईलच.

त्याच सुमारास गावाहून बाबा आले होते. बाबा म्हणजे एस.टी.चे ड्रायव्हर. सारी नोकरी अमरावती जिल्ह्यात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवला आहे. निवृत्तीनंतर आठ वर्षे त्यांनी वरुड-अमरावती जीप चालवली. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. नोएडातले राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ डोळ्यांनी पाहायचे म्हणून ते आले होते. ते स्थळ १४ ऑक्टोबर २०११ रोजी खुले झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी, १८ तारखेला, या सर्किटचे उद्घाटन झाले. जिल्ह्याचे नाव गौतम बुद्ध नगर, १९९७ साली मायावतींच्या सरकारने स्थापन केलेला. त्यावरूनच सर्किटलाही बुद्धाचे नाव. ३० ऑक्टोबर २०११ ला इथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा विजेत्या सेबास्टियन वेट्टेलच्या हाती करंडक दिला तो मुख्यमंत्री मायावतींनीच. शांतीचा संदेश देणाऱ्याचे नाव ताशी तीनशेने पळणाऱ्या मोटारींच्या रस्त्याला, याची तेव्हा पुष्कळांनी गंमत केली. मीही केली होती. बाबा म्हणाले, "नाव चांगलंच हाय. तिथं सावध रायनाऱ्याचंच काम."

शनिवारी संध्याकाळी मी गाडी धुवून पुसून उभी केली. टायर नवे घातले होते. बाबांनी सवयीप्रमाणे गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकांच्या आत पाहिले आणि विचारले, "ब्रेक ऑइल कवा बदललं?"

"बाबा, ही तुमची जीप नाही. हिच्यात सगळे कॉम्प्युटर पाहतो. काही बिघडले तर दिवा लागतो."

"बरं." एवढेच बोलून ते आत गेले. वास्तविक मला आठवतच नव्हते. गाडी घेतल्यापासून बदलले नव्हते, आणि आधीच्या मालकाने कधी बदलले ते देवाला ठाऊक.

रविवारी पहाटे सहाला आम्ही चौघेही निघालो. धुके इतके की पुढच्या गाडीचा दिवा जेमतेम दिसत होता. सर्किटवर पोहोचलो तर धुके उठेपर्यंत कोणालाही ट्रॅकवर सोडणार नाहीत असे कळले. मग दोन तास तयारीत गेले. पहिला हुकूम असा की गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढा. ब्रेक जोरात लागले की पाण्याची बाटली पेडलखाली घरंगळू शकते. आमच्या गाडीतून काय काय निघाले! दोन छत्र्या, बायकोचा स्टीलचा डबा, मुलीची एक चप्पल (दुसरी आजतागायत सापडलेली नाही), लग्नपत्रिका, पायाखालची जाजमे, आणि डिकीत अर्धे पोते गहू. शेजारच्या गाडीवाल्या तरुणांनी ते पोते मोठ्या कुतूहलाने पाहिले.

मग एक कागद सहीसाठी आला. जे होईल ते तुमच्या जबाबदारीवर, असा त्याचा सारांश. इथे वाचकांना मुद्दाम सांगतो, आपल्या मोटारीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी वापर वगळलेला असतो. म्हणजे गाडी कठड्याला घासली तर खर्च सगळा आपला आणि हप्ते सुरूच. सही करताना माझी बायको माझ्याकडे नाही, पेनकडे पाहत होती.

झेंड्यांची शिकवणी झाली. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे सगळे थांबवले आहे, हळूहळू परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, वाट द्या. नवशिक्यांच्या शेजारी एक शिक्षक बसणार होता. माझ्या वाट्याला कोइंबतूरचा पंचविशीतला शांत पोरगा आला. ते गाव म्हणजे आपल्या मोटार शर्यतींचे माहेरघर. फॉर्म्युला वनमध्ये २००५ साली उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तिथलाच. २०११ च्या शर्यतीत तो याच ट्रॅकवर धावला होता.

नऊच्या सुमारास ऊन पडले आणि आम्हाला सोडले. सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आणि वळणे सोळा. हरमन टिल्के या जर्मन वास्तुतज्ज्ञाने ते आखले. टीव्हीवर ते सपाट दिसते, प्रत्यक्षात चांगले चढ-उतार आहेत. पहिल्या वळणापासून तिसऱ्यापर्यंत रस्ता असा चढतो की वळणाच्या पलीकडे नुसते आकाश दिसते. तिसरे वळण संपले की समोर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला चौथे वळण, जवळजवळ मागे फिरवणारे.

पहिल्या फेरीत माझे तळहात घामाने भिजले. शिक्षक म्हणाला, "सर, स्टिअरिंगचा गळा दाबू नका, तिला श्वास घेऊ द्या." मग त्याने जे शिकवले त्यातली मोठी गोष्ट डोळ्यांची. आपण जिथे बघतो तिथे गाडी जाते. वळण येताच मी समोरच्या बॉनेटकडे बघत होतो. त्याने सांगितले, वळणाच्या आतल्या कडेकडे बघा, आणि तिथे पोहोचण्याआधीच बाहेर पडायच्या जागेकडे बघा. दुसरी गोष्ट टायरची. टायरकडे एकच रुपया असतो. तो ब्रेकला खर्च करा, वळायला करा किंवा पळायला करा. बारा आणे ब्रेकवर उडवलेत तर वळायला चारच आणे उरतात. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर लावून संपवायचा, मग वळायचे, आणि चाके सरळ होऊ लागली की मगच हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायचा.

वीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा मी दहा वर्षांनी लहान झालो होतो. दुसऱ्या पाळीत तर गाडीची आणि माझी ओळखच पटली. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की चारही चाके रस्ता धरायची आणि पाठीला सीट चिकटायची. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या तिथे शेपूट हलवीत निघत होत्या, आमची मात्र रुळावरच्या आगगाडीसारखी. दहाव्या-अकराव्या वळणाचा तो लांबलचक उजवा वाडगा, आतल्या बाजूला कललेला, त्यात गाडी फेकल्यासारखी न होता ओतल्यासारखी जाते. ते सुख मला शब्दात सांगता येणार नाही. एक फेरी २ मिनिटे ४१ सेकंदांची झाली, म्हणजे सरासरी ताशी ११५ च्या आत-बाहेर. वेट्टेलने २०११ मध्ये इथे १ मिनिट २७.२४९ सेकंदांची फेरी मारली होती, हे मुलीने लगेच ऐकवले.

तिसऱ्या पाळीला शिक्षक म्हणाला, आता तुम्ही एकटे जाऊ शकता, पण चौथ्या वळणाला २०० मीटरच्या पाटीलाच ब्रेक धरा. पहिल्या दोन फेऱ्या मी ऐकले. तिसऱ्या फेरीत पुढे एक तरुणाची गाडी होती. मला वाटले, आपण आणखी थोडे उशिरा ब्रेक लावू शकतो. चार चाकांची गाडी आहे आपली. काटा २०० च्या वर गेला होता. २०० ची पाटी गेली. दीडशेच्या पाटीला पाय दाबला.

पाय खाली गेला. जिथे पेडल कडक लागायला हवे होते तिथे लोण्यासारखे मऊ लागले. वेग कमी होत होता, पण व्हायला हवा तसा नाही. समोर वळण येत होते. मला फार काही सुचले नाही, हे कबूल करतो. दोनदा-तीनदा पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा थोडी पकड आली. वळायचा प्रयत्न केला तर पुढची चाके नुसती घासत सरळच चालली. रुपया संपला होता. मग मी वळायचे सोडले, स्टिअरिंग सरळ धरले आणि गाडी ट्रॅकच्या बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात जाऊ दिली. बरीच पुढे जाऊन ती थांबली. कठडा अजून दूर होता. किती दूर ते मोजायला मी उतरलो नाही. पिवळा झेंडा हलताना दिसला. तो माझ्यासाठीच होता.

कोणालाच काही झाले नाही. गाडीला ओरखडाही नाही. मी हळूहळू, ब्रेक जेमतेम वापरीत परत आलो. शिक्षक धावत आला आणि पहिले वाक्य म्हणाला, "हँडब्रेक लावू नका." तापलेले पॅड तापलेल्या चकतीला दाबून ठेवले तर दोन्ही खराब होतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावला. बॉनेटपुढे उभे राहिले तर जळकट वास येत होता.

तो वास बाबांनी ओळखला. माझ्याआधी ते चाकापाशी पोहोचले होते. "घाटात असाच येते वास," ते म्हणाले. "चिखलदऱ्याहून उतरताना नवीन पोरं ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत. अर्ध्या घाटात ब्रेक जाये. आमचा नेम होता, ज्या गिअरनं चढलं त्याच गिअरनं उतरायचं." मग माझ्याकडे पाहून, अगदी न रागावता, "गाडी पयते कशी हे सारेच सांगतात रे. थांबते कशी ते कोनी सांगत नाही."

माझी चूक मला शिक्षकाने नीट उलगडून सांगितली, आणि मुलीने तिथेच कागदावर हिशेब मांडला. सतराशे किलोची गाडी ताशी दोनशेवरून ऐंशीवर आणायची तर ब्रेकमध्ये साधारण इतकी उष्णता निघते, की तिच्यावर साडेसहा लिटर थंड पाण्याला उकळी यावी. हे चारपाच सेकंदांत! आणि प्रत्येक फेरीला, कमीअधिक प्रमाणात, कितीतरी वळणांवर. ही उष्णता चकत्यांतून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइलचा स्वभाव मिठासारखा, हवेतला ओलावा ते शोषत राहते. 'डॉट ४' जातीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेल्या ऑइलची हमी मात्र १५५ अंशांपर्यंतच असते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो. यासाठी कुठलाही दिवा लागला नव्हता.

आणि चारही चाकांच्या ताकदीचे काय? ती निघताना कामाची, थांबताना नाही. ब्रेक तर रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, स्वस्तातल्या गाडीलाही. माझ्या गाडीत जास्तीची होती ती फक्त वेग घेण्याची सोय, आणि त्या सोयीमुळे मी दर फेरीला त्या वळणापाशी इतरांहून अधिक वेगाने पोहोचत होतो, तेही अधिक वजन घेऊन. जी गोष्ट मला वाचवील असे मी समजत होतो, तिनेच मला तिथवर नेले होते.

चौथी पाळी मी केली नाही. पैसे भरलेले होते, शिक्षक म्हणाला ब्रेक गार झाल्यावर हळू चालवा, पण मन झाले नाही. बायकोने डबा उघडला. गव्हाच्या पोत्यावर बसून आम्ही पोळी-भाजी खाल्ली. ती मला रागावेल असे वाटले होते. तिने विचारले, "आता पुन्हा यायचे का?" मी म्हटले, येईन, पण ऑइल आणि पॅड बदलून, आणि दोनशेच्या पाटीला. ती म्हणाली, "मग मुलीलाही शिकवा. तिलाही गाडी चालवायची आहेच ना."

परतताना एक्सप्रेसवेवर मी डाव्या लेनमधून ऐंशीने आलो. ट्रक आम्हाला ओलांडून जात होते. बाबा मागे झोपले होते.

सोमवारी गॅरेजमध्ये जुने ब्रेक ऑइल काढले. मेकॅनिक फेकून देत होता, पण बाबांनी ते एका काचेच्या बाटलीत मागून घेतले. ताजे ऑइल असते फिकट पिवळे. हे दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाचे होते. बाबांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि माझ्या हातात दिली.